एक बोट हळद

हळद आणायला गेलेले सदानंद उकिडवे हळद न घेताच घरी परतले. पिशवी रिकामी आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तेही शालिनीबाईंनी विचारल्यावर.

झालं होतं ते एवढंच. सांगलीच्या बाजारात महावीर चौगुल्यांच्या दुकानात नवा दिवा आला होता. हळद चोळून, हुंगून पारखणारी माणसं २०४८ सालीही सांगलीत होती. पण परदेशातल्या गिऱ्हाइकाचा कोणाच्या नाकावर विश्वास नसतो, म्हणून चौगुल्यांनी हा अतिनील दिवा मागवला होता.

"या काका, गंमत दाखवतो," म्हणत त्यांनी शटर निम्मं खाली ओढलं. "ही आपली राजापुरी. आणि ही शेजारच्याची. नाव घेत नाही, पण तुम्हाला कळलंच असेल."

दिव्याखाली शेजारच्याची हळद मळकट दिसली. राजापुरी मात्र हिरवट पिवळी उजळली. चौगुल्यांनी तिच्यावर तेलाचा एक थेंब सोडला, तसा तो काजव्यासारखा पेटला.

"तेलात तर काय खुलते बघा! अर्धा किलो बांधू का?"

उकिडवे त्या थेंबावर वाकले. हा रंग ते तेरा वर्षं रोज पाहत आले होते. त्यांच्या दिवाणखान्यात, मुलीच्या पदवीदानाच्या फोटोशेजारी, एक तसबीर होती. काळ्या पार्श्वभूमीवर मुठीएवढा ओबडधोबड गोळा, आणि त्या गोळ्याचा हाच हिरवट पिवळा उजेड.

"काका, अहो हळद!" चौगुले मागून ओरडले तेव्हा उकिडवे रस्ता ओलांडून गेले होते.

घरी येऊन ते त्या तसबिरीसमोर उभे राहिले.

"हळद कुठाय?" शालिनीबाईंनी विचारलं.

"शालिनी, यान पोचायला किती दिवस राहिले?"

"एकोणीस. सकाळी तुम्हीच तर कॅलेंडरावर फुली मारलीत. काय झालं? चेहरा असा का?"

"काही नाही. ऊन लागलं."

शालिनीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या, "मग बोलता कशाला?"

आता इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. त्याशिवाय हे ऊन कसलं होतं ते कळायचं नाही.

साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवती ग्रह नव्हते. वायू आणि धूळ यांची एक पसरट चकती तेवढी फिरत होती. धूळ म्हणजे धुराच्या कणाइतकी बारीक. हे कण हळुवार एकमेकांना टेकत, चिकटत, त्यांचे कापसासारखे पुंजके होत. इथवर सगळ्यांना ठाऊक होतं. पण पुंजका ज्वारीच्या दाण्याएवढा झाला की गाडं अडायचं. त्यापुढे दाणे चिकटत नाहीत, आपटून मागे फिरतात. मग दाण्याचा डोंगर आणि डोंगराचा ग्रह झाला कसा? एक मत असं की कसला तरी डिंक असावा, लाडू वळताना तूप असतं तसा. दुसरं मत असं की डिंकबिंक काही नाही. वायूच्या प्रवाहात दाण्यांचे थवे इतके दाटले, की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने ते आत ढासळून एक झाले. पहिलं मत खरं असेल तर लघुग्रह म्हणजे वळलेला लाडू. दुसरं खरं असेल तर तो नुसता ढीग, बोट लावलं की सुटणारा.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात तर ग्रह झालाच नाही. शेजारच्या अजस्र गुरूने तिथल्या खडकांना स्वस्थ बसू दिलं नाही. त्यांचे वेग वाढले, आणि जवळ येणं म्हणजे जुळणं न राहता फुटणं झालं. ते तुकडे आजही तिथे फिरतात. एखादा वाट चुकून पृथ्वीच्या बाजूला येतो. वर्तमानपत्रांनी ज्याचं नाव 'कृष्णिका' ठेवलं होतं तो सहाशे मीटर रुंदीचा, कोळशासारखा काळा लघुग्रह असाच आलेला.

पुण्याच्या धूलिका प्रयोगशाळेत उकिडवे तंत्रज्ञ होते. एका काळ्या उल्केचं पीठ करायचं, ते चाळायचं आणि कपाटाएवढ्या पेटीत भरून अंतराळस्थानकावर धाडायचं, हे त्यांचं काम. तिथे कण खाली बसत नाहीत. वर्षानुवर्षं तरंगत एकमेकांना भेटत राहतात. पेटी २०३१ मध्ये गेली. २०३५ मध्ये बातमी आली की पेटीतल्या कणांनी ज्वारीचा अडसर ओलांडला, त्यांचे मुठीएवढे गोळे झाले. अतिनील प्रकाशात ते गोळे उजळले. तपासणीत त्यांच्यावर तेलकट कार्बनी थर सापडला. काळ्या उल्केत कार्बनी पदार्थ असतातच, तेव्हा तो थर उपरा असेल अशी शंका कोणालाच आली नाही. त्याला नाव मिळालं 'आदिडिंक'. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. यास्मिन मुजावर जगभर व्याख्यानं देत हिंडल्या. उकिडव्यांना ती तसबीर मिळाली. त्यांना तेवढंही जास्तच वाटलं होतं.

मग तो डिंक दाणे किती घट्ट धरतो, हा आकडा कामाला लागला. चार माणसांना घेऊन एक यान कृष्णिकेवर उतरणार होतं. आठ मोठे स्क्रू जमिनीत पिळून ते स्वतःला घट्ट बांधणार, खणणार, काळी माती तापवून तिच्यातलं पाणी काढणार आणि त्या पाण्यापासूनच परतीचं इंधन करणार. परतीचं इंधन पृथ्वीवरून न्यायचंच नाही, हीच या मोहिमेची हुशारी होती. कृष्णिकेची जमीन किती घट्ट आहे ते टेकून पाहायला आधी एक छोटं यान पाठवायचं ठरलं होतं. पण आकडा हातात असताना आणखी तीन वर्षं कशाला घालवायची, म्हणून ते रद्द झालं.

त्या चौघांमधली भूवैज्ञानिक म्हणजे केतकी सदानंद उकिडवे. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली एकुलती एक.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत हत्यारांची पूजा व्हायची. पूजेला बाद झालेलीच हत्यारं मांडायची, वापरातली एकही वस्तू स्वच्छ कक्षाबाहेर आणायची नाही, हा नियम उकिडव्यांनीच घातलेला. सगळ्यांच्या घरची माणसं यायची. पेढे मुजावर मॅडमचे असायचे. उकिडवे मात्र कोपऱ्यात उभे राहायचे. चारचौघांत ताम्हण हातात घ्यायचीही त्यांना लाज वाटे.

२०३१ साली चौदा वर्षांची केतकी आली होती. गंजक्या चिमट्यांकडे बघून तिनं नाक मुरडलं. "बाबा, हे भंगार काय पूजायचं? तुझी खरी चाळणी दाखव ना. जिच्यातून ग्रह पडणारेत ती."

उकिडव्यांच्या कामाबद्दल असं कोणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी चाळणी बाहेर आणली.

हळद कोरडी, जाळीला लागेना. केतकीनं समईतल्या तेलात बोट बुडवलं, हळदीत टेकवलं आणि चाळणीच्या मधोमध ओढलं.

पेटीतलं शेवटचं पीठ त्याच संध्याकाळी चाळायचं होतं. सकाळी पेटी निघणार होती. चाळण्या धुवायला ध्वनिलहरींचं यंत्र होतं, पण त्यालाही झेंडूची माळ घातलेली. पुजलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नसतं. त्यांनी चाळणी हातानेच स्पिरिटने तीनदा धुतली, उजेडात धरून पाहिली. नोंदवहीत लिहिलं, 'चाळणी धुतली.' ते खोटं नव्हतं. पण त्या जाळीची भोकं केसाहून बारीक होती, आणि धुळीच्या कणाला तेलकट करायला तेल किती लागतं? जवळजवळ काहीच लागत नाही.

हे सगळं त्यांनी शालिनीबाईंना दुपारी सांगितलं, अडखळत, मधेच थांबत.

"नक्की आहे का?" शालिनीबाईंनी विचारलं.

"मला कधी काय नक्की वाटलंय?"

"मग आधी नक्की करा. पुण्याला जा." शालिनीबाई उठल्या, पुन्हा बसल्या. "आणि नक्की झालं तर सांगा सगळ्यांना. पण बोट कोणाचं ते नका सांगू."

"का?"

"विसरलात? सहावीत रायगडाच्या सहलीला केतकीमुळे बस तासभर खोळंबली. कोणी बोललंसुद्धा नाही हिला. तरी ही पुण्यापर्यंत उभी राहून आली. शेजारची जागा रिकामी होती."

उकिडवे विसरले नव्हते.

पुण्यात डॉ. मुजावरांनी त्यांचं म्हणणं मधे न बोलता ऐकून घेतलं. मग उठून तिजोरीतून एक बरणी काढली. पेटीत भरून उरलेलं पीठ सतरा वर्षं त्या बरणीत मोहोरबंद होतं. दिव्याखाली ते उजळलं. मूळ उल्केचा न चाळलेला तुकडा त्याच दिव्याखाली काळाच राहिला. शंकेला जागा राहू नये म्हणून रासायनिक तपासणी झाली. तिला पाच दिवस लागले.

"हळद आणि तिळाचं तेल," अहवाल खाली ठेवत मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या, पण ते हसणं ऐकवेना. "तेरा वर्षं मी या फोडणीवर भाषणं देतेय, उकिडवे. तो उरलेला तुकडा दिव्याखाली धरायचं एकदाही सुचलं नाही मला."

"मॅडम, मी..."

"थांबा. मानसन्मान मी परत करीन. त्या चौघांना कशी परत आणू ते सांगा. मागे वळायला इंधन नाही त्यांच्याकडे." त्यांनी कागद पुढे ओढला. "कारण लिहावं लागेल. हळद कोणी लावली होती?"

"मी."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी उकिडव्यांकडे क्षणभर पाहिलं. मग काही न विचारता लिहिलं.

अहवाल यानाकडे गेला तेव्हा तेरा दिवस उरले होते. उतरणं रद्द झालं. कृष्णिकेपासून थोड्या अंतरावर थांबून त्यांनी चार किलोचं एक वजन हळूच खाली सोडलं. पिठात चमचा जावा तसं ते आत गेलं, दिसेनासं झालं, आणि काळ्या धुळीचा जो लोट उठला तो दोन दिवस खाली बसला नाही. साठ टनांचं यान जुन्या आकड्यावर विसंबून उतरलं असतं तर त्याचंही तेच झालं असतं.

"तुमच्यामुळे चौघं वाचली," मोहिमेच्या कचेरीतून कोणीतरी फोनवर म्हणालं. पुढे 'सध्या' असा शब्द होता.

त्या आठवड्यात केतकीचा निरोप आला. पडद्यावर तिचा चेहरा थोडा सुजलेला, केस वर तरंगणारे. तिकडून इकडे आवाज यायला सव्वाचार मिनिटं लागत, त्यामुळे बोलणं असं व्हायचं नाही. एकाने सगळं बोलून टाकायचं आणि दुसऱ्याने नंतर.

"बाबा, काय रे हे! सगळं जग तुझा लाडू खात बसलं होतं होय इतकी वर्षं? वांजिरू विचारतेय, हळदीचा वास कसा असतो. ती केनियाची आहे, त्यांच्याकडेही हळद घालतात, तरी म्हणते विसरले. आई, तू रडू नकोस. आम्ही सुटे धोंडे गोळा करतोय. जाळ्यात धरायचे, भट्टीत तापवायचे, पाणी काढायचं. खणायची गरजच नाही. कप्तान तेजिंदर म्हणतो, आपण आता भंगारवाले."

बोटाबद्दल एक अक्षर नव्हतं. "तिला आठवत नाहीये," उकिडवे म्हणाले. शालिनीबाईंनी देवाला हात जोडले.

पाच महिने धोंडे गोळा करणं चाललं. मोहिमेची कचेरी दर सोमवारी पाण्याचा आकडा कळवायची. उकिडवे तो एका वहीत लिहायचे आणि पेन्सिलीने आलेख काढायचे. रेघ वर जायची, पण फार आडवी होऊन. सुट्या धोंड्यांमधून सूर्याच्या उन्हाने पाणी केव्हाच उडून गेलं होतं; जे होतं ते आत, ढिगाच्या पोटात, जिथे पोचायला आधी कुठेतरी पाय रोवावा लागतो. श्रावणात ती रेघ जवळजवळ सपाट झाली. तोवर कागदावर सगळ्यांना दिसत होतं ते कचेरीने भाद्रपदात बोलून दाखवलं. सगळं यान परत येणार नाही. यानासोबत एक छोटी कुपी आहे, तिच्यापुरतं इंधन झालंय. कुपीत दोन माणसं बसतात. मदतीला दुसरं यान पोचायला तीन वर्षं लागतील. अन्न आणि हवा मागे राहणाऱ्या दोघांना अकरा महिने पुरेल.

नावं चिठ्ठ्या टाकून ठरणार होती. कप्तानने स्वतःचं नावही चिठ्ठीत टाकलं.

गणपती उठल्यानंतरच्या बुधवारी फोन आला. कुपीत चौघांतला तोमास आणि केतकी उकिडवे.

शालिनीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. चौगुल्यांनी बातम्यांत ऐकलं आणि पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आले. "काका, घ्या! माझ्या हातनं घ्या!" उकिडव्यांनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. तेजिंदरची आई लुधियान्यात असते हे त्यांना माहीत होतं. तिच्या घरीही आत्ता फोन वाजला असेल. तरीही त्यांना आनंद झाला होता, आणि त्याची लाज वाटत होती.

तीन दिवस ते घरातल्या घरात फिरत राहिले. केतकीच्या खोलीचे पडदे धुऊन झाले. शनिवारी सकाळी कुपी सुटल्याची बातमी आली, आणि पाठोपाठ केतकीचा निरोप.

"आई, आधी खाली बस. बाबा, तूही. आईचा हात धर."

तिच्या मागे यानाची ओळखीची भिंत होती. कुपीची भिंत तशी नव्हती.

"कुपी गेली. मी आहे इथेच. चिठ्ठी माझी आली होती, ती मी वांजिरूला दिली. ती घेत नव्हती, खूप भांडली. शेवटी तेजिंदरनं तिला आत ढकललं. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही अडवलं असतंत, आणि तू रडली असतीस तर मी अडले असते, आई."

ती थांबली. तिने कॅमेऱ्यासमोर हातमोजा धरला. त्याच्यावर काळी धूळ होती. दुसऱ्या हातात छोटा दिवा.

"बाबा, बघ. दिव्याखाली धरलीय. अजिबात चमकत नाही. तुझं बरोबर होतं, इथे डिंकबिंक काही नाही. नुसता ढीग आहे." तिने बोट झटकलं. कण सुटे होऊन तरंगत राहिले. "तुझा अहवाल वाचला तेव्हा मला हसू आलं रे. म्हणे, हळद मी लावली. तू? तू तर कोपऱ्यात उभा असायचास. त्या दिवशी समईतलं तेल कोमट होतं, बाबा. माझ्या बोटाला ते अजून आठवतं."

निरोप संपला. शालिनीबाईंनी उकिडव्यांचा हात सोडला. त्यांनी नुसतं यंत्राकडे बोट केलं, म्हणजे बोला काहीतरी, ती वाट बघत असेल.

उकिडव्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्याचा तांबडा ठिपका लागला. आयुष्यभर सभेत, बैठकीत, पंगतीत त्यांना नेमकं काय बोलावं ते नंतर घरी आल्यावर सुचायचं.

"केतकी," ते म्हणाले, "बोट तुझं होतं. पण चाळणी बाहेर मी आणली. नियम माझाच होता. तू मला खरी चाळणी दाखव म्हणालीस ना, म्हणून. मला बरं वाटलं होतं गं, एवढंच."

त्यांनी बटण सोडलं.

जायला सव्वाचार मिनिटं, यायला सव्वाचार. दोघं बसून राहिले. स्वयंपाकघरात सकाळी लावलेलं वरण तसंच झाकून होतं. मार्चमधल्या त्या दिवसापासून या घरात हळद आली नव्हती. वरण रोज पांढरंफटक होई, आणि त्याबद्दल दोघांपैकी कोणी कधी काही बोललं नव्हतं. आज ताटं घेतलीच नव्हती. कालही जेवणं झाली नव्हती.

पडदा उजळला. केतकीने डोळे पुसलेले दिसत होते. मागे तेजिंदर पाठमोरा, काहीतरी आवरत होता.

"माहितीये मला, बाबा," ती म्हणाली. मग रोजच्यासारखं विचारलं, "जेवलात का?"

शालिनीबाईंनी तोंडात पदर धरला.

उकिडव्यांनी चष्मा नीट केला. बटण दाबलं. तांबड्या ठिपक्याकडे सरळ बघत, एकदाही न अडखळता ते म्हणाले, "हो. आत्ताच उठलो पानावरून."